उजव्या डोळ्यातला पाहुणा

तमाम छावणी बाजार, माझी जुनी-नवी गिऱ्हाइकं, देवगाव रंगारीचे माझे भाऊबंद, आणि ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून चष्मा घेऊन त्यावर बसून त्याच्या दांड्या वाकवल्या ते सर्वजण, यांना अत्यंत गांभीर्याने आणि शक्यतो उभं राहून कळवण्यात येतं, की चष्मेवाले विलासराव, म्हणजे प्रस्तुत लेखक, यांच्या उजव्या डोळ्यात कोणीतरी राहायला आलं होतं. परवानगी न घेता. सहकुटुंब.

हसा. मीही हसतो आता. पण हे सगळं चालू होतं तेव्हा मी घरच्यांना सांगायचो, फोनवर शोधा, आपल्या भाषेत हे कोणी भोगून लिहिलंय का बघा. सापडायचे ते एकतर डॉक्टरांचे लेख, नाहीतर डोळ्यात मध घालणारे महाभाग. म्हणून मी लिहितोय. आणि डोळ्यात मध घालू नका.

माशी

सुरुवात एका माशीने झाली. दुकानात एका चष्म्याचा स्क्रू आवळत होतो आणि एक बारीक काळी माशी उजवीकडून येऊन बरोबर स्क्रूवर बसली. फुंकर मारली. हलली, पण उडाली नाही. हाताने हाकलली, तर हाताबरोबरच सरकली. माझा चष्मा काढून पुसला, गिऱ्हाइकाचा पुसला, काउंटर पुसलं. समोर रफीकचाचा बसले होते, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. ते बराच वेळ बघत राहिले.

"क्या विलासभाई, हवा से कुश्ती चल री क्या?"

"माशी आहे हो चाचा."

"किदर है? मेरेकू तो नै दिखती. और मेरा चष्मा तो तुमीच बनाए!"

संध्याकाळपर्यंत माशीचं जाळं झालं, दुसऱ्या दिवशी जाळ्याचा धूर. डोळा लाल. उजेड टोचायला लागला.

आता इथे माझ्या डाव्या डोळ्याची ओळख करून द्यायला हवी. तो शोभेचा आहे. लहानपणापासून आळशी. आमच्या देवगावात तेव्हा आळशी पोराला काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आळशी डोळ्याला काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या डोळ्याने समोर माणूस आहे की म्हैस एवढं कळतं. कोणता माणूस, ते कळत नाही. वाचणं, स्क्रू आवळणं, बायकोचा मूड ओळखणं, ही सगळी कामं आयुष्यभर एकट्या उजव्याने केली.

आणि दुकान माझं नाही. दुकान सासऱ्यांचं. वंदना त्यांची एकुलती एक. लग्नानंतर सासरे आजारी पडले, तेव्हा मी एक सुटकेस घेऊन "थोडे दिवस" म्हणून छावणीत आलो. सासरे गेले. सुटकेसही केव्हाच फाटून गेली. मी राहिलो. सासूबाई इतक्या वर्षांनंतरही मला "पाव्हणं" म्हणतात. आमच्याकडे जावयाला म्हणतातच तसं. पण त्यात माया किती आणि आठवण करून देणं किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. या घरात मी कशाच्या जोरावर आहे याचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं: मी दुकान चालवतो. आणि चष्म्याचं दुकान डोळ्यांशिवाय चालत नाही.

म्हणजे धूर नुसता डोळ्यात नव्हता.

माझी हुशारी

जवळच्या एका लहान दवाखान्यात गेलो. तिथल्या मुलीने डावा डोळा झाकायला सांगितला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

"वाचा काका."

हा तक्ता आमच्या दुकानात माझ्या खुर्चीच्या समोर टांगलेला आहे. रोज त्याच्याखाली लोक उभे राहतात, चुकतात, मी मनात बरोबर करतो. लोकांना आरत्या पाठ असतात तसा मला तो पाठ आहे. समोर मला दिसत होता एक पांढरा चौकोन आणि त्याच्या मधोमध धूर. पण माझं तोंड माझ्या आधी सुरू झालं. "ई. एफ पी. टी ओ झेड..." आणि काय सांगू, सूर लागला! शेवटची ओळ, जी भल्याभल्यांना वाचता येत नाही, ती मी मान डोलावत म्हटली. "डी ई एफ पी ओ टी ई सी!"

"अरे वा, काका!" ती म्हणाली.

मी चक्क मान झुकवून दाद स्वीकारली.

नजर उत्तम आहे असं लिहिलं गेलं. डोळे आले असतील, म्हणून थेंब मिळाले. खाली वंदना थांबली होती. "दिसलं का सगळं?"

"सगळं!" म्हणालो, आणि शेवटची पायरी चुकून तिच्या अंगावर गेलो.

मी खोटं बोलायला बसलो नव्हतो. पण थांबलोही नाही. घाबरलेला माणूस जे पाठ असतं ते म्हणायला लागतो, बाकी काही नाही. त्या पाठांतराने माझे मोलाचे दिवस खाल्ले. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा दिसतं तेवढंच सांगा. तिथे पहिला नंबर काढायचा नसतो.

चेहरा कोणी नेला

एका सकाळी वंदनाने चहा आणला आणि मला तिचा चेहराच दिसेना. केस दिसत होते, कानातले दिसत होते, मध्ये धुराचा लोळ. मी कप घ्यायला हात पुढे केला तो कपाच्या शेजारी गेला. चहा माझ्या मांडीवर. मी ओरडलो नाही. तिनेही "अहो, काय हे" म्हटलं नाही. दोघांनाही कळलं होतं.

शहरातल्या एका मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. आधीचा कागद बघून म्हणाल्या, "नजर तर छान लिहिली आहे. डावा डोळा झाका. माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

"मॅडम, केस उत्तम आहेत. कानातलं शोभतंय. मधला ऐवज कोणीतरी नेलाय."

"चेहरा दिसत नाही? मग शेवटची ओळ कशी वाचलीत?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. मागून वंदना म्हणाली, "ते वाचत नाहीत, मॅडम. त्यांना पाठ आहे. आमच्या दुकानात आहे ना भिंतीवर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब. हे थेंब घालून लोकांना एका लांब बाकावर ओळीने बसवतात, डोळे मिटून. कोणी कोणाला बघत नाही. माझ्या शेजारून आवाज आला, "कोन गाव?"

"छावणी. तुमचं?"

"फर्दापूर. तुम्हाला काय झालंय?"

"अजून कळलं नाही."

"मला कळलंय. नसतं कळलं तर बरं व्हतं."

यावर आम्ही दोघंही हसलो, डोळे मिटूनच. तो माणूस दिसायला कसा होता हे मला आजही माहीत नाही. पण त्या बाकावर त्याने न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, हे लक्षात आहे.

मॅडमनी खोलवर पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, आतल्या पडद्यावर जखम आहे, दाट धुक्यात गाडीचा दिवा दिसावा तशी. रक्त तपासलं. नाव निघालं टॉक्सोप्लाझ्मा. एक परजीवी. एवढा बारीक, की आपल्या शरीरातल्या एका पेशीच्या आत घर करतो.

"आत गेला कसा?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच, घरात चोरी झाल्यावर चढतो तसा.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या, पण हे त्यांना सांगायला आवडलं असावं. म्हणाल्या, हा दार फोडत नाही. दारावर याने धरावं असं काही नसतंच. म्हणून हा स्वतःची कडी स्वतःबरोबर घेऊन येतो, ती आपल्या पेशीच्या अंगाला बाहेरून बसवतो, आणि मग तीच कडी धरून स्वतःला आत ओढून घेतो. आत जाताना पेशीचंच कातडं अंगाभोवती गुंडाळून घेतो. त्यामुळे आतल्या पहारेकऱ्यांना वाटतं, घरातलंच कोणीतरी आहे. मग त्या गोधडीत बसून खातो, पितो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो, आणि जागा पुरेनाशी झाली की ती पेशी फोडून शेजारच्या पेशीत.

मी थक्क झालो. खरं सांगतो, डोळा जात होता आणि मी थक्क झालो. स्वतःची कडी खिशात घेऊन फिरणारा पाहुणा!

"पण कधी आला?"

"ते सांगता येत नाही. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली भाजी, पाणी, मातीचा हात. कदाचित लहानपणीच आला असेल. इतकी वर्षं झोपून होता, आता उठला." मग त्या थांबल्या. "जखम नजरेच्या मध्याला अगदी लागून आहे, विलासराव. मध्य वाचला तर वाचता येईल. बघू."

डॉक्टरांच्या तोंडून "बघू" हा शब्द डोळ्यांबद्दल ऐकणं फार वाईट.

उकडलेले पडदे

दवाखान्यातून वंदनाने घरी फोन केला. सासूबाईंना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून तिने थोडक्यात सांगितलं, "आई, पडद्याला जंतू लागलेत."

आम्ही घरी पोचलो. माझ्या डोळ्यांच्या बाहुल्या अजून वाटीएवढ्या मोठ्या, उजेडाचा एक किरणही सुईसारखा जाणारा. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच डोळे धरून खाली बसलो. घरात सूर्य उतरला होता. एकाही खिडकीला पडदा नव्हता. मागच्या अंगणात चुलीवर मोठं पातेलं, त्यात कडुलिंबाचा पाला आणि आमच्या घरातले झाडून सगळे पडदे रटरटत होते. सासूबाई काठीने ढवळत होत्या.

"लई उकळलेत, पाव्हणं. आता एक बी जंतू ऱ्हायचा नाय."

"अगं आई," वंदना म्हणाली, "डोळ्याचा पडदा! डोळ्याच्या आत असतो तो!"

सासूबाई काठी धरून उभ्या राहिल्या. "डोळ्यात पडदा असतोय व्हय? मंग आधी नीट सांगायचं ना!"

त्या आत गेल्या, ट्रंक उघडली आणि स्वतःच्या गडद इरकली साड्या काढून माझ्या खोलीच्या खिडक्यांना दुहेरी बांधल्या. एक हिरवी, एक जांभळी. खोलीत थंड अंधार झाला. कापडाला जुन्या ट्रंकेचा, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. त्या वासात मी पुढचे कित्येक दिवस काढले.

आत

उपचार म्हणजे गोळ्या, मग आणखी गोळ्या. पहिल्या त्या परजीवीला आवरायला, दुसऱ्या सूज उतरवायला. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी मला दोन वर दिले: न संपणारी भूक आणि न संपणारी बडबड. मी तसाच बोलका. त्यात औषधाची भर. आणि ऐकायला चार भिंती. बाहेर जायचं नाही, फोन बघायचा नाही, उजेडात यायचं नाही. दार उघडं असायचं, पण ओलांडून जायला कुठे काही दिसत होतं? मी स्वतःलाच गोष्टी सांगायचो आणि स्वतःच म्हणायचो, ही ऐकली आहे.

वाईट वेळ दुपारची. अंधारात डोळे मिटले तरी तो आत काय करतोय याचाच विचार. आता एकाचे दोन झाले असतील. आता शेजारच्या खोलीत गेला असेल. मी या खोलीत, तो त्याच्या खोलीत, आणि आम्हा दोघांतलं कोण कोणाला कोंडून बसलंय ते कळेना. डावा डोळा उघडून बघायचो तर खिडकीवर एक हिरवा ढग, एक जांभळा ढग. उद्यापासून जग एवढंच असलं तर?

दुकान वंदना बघत होती. ती थकून यायची, मला थेंब घालायची, जेवायला द्यायची. एकदा जेवताना मी रंगात आलो. "दुकानाची पाटी बदलू आपण. आंधळ्याचं चष्म्याचं दुकान! बघ कशी गर्दी होते."

ताट आपटल्याचा आवाज आला.

"पुरे झाली गंमत," वंदना म्हणाली. "तुम्ही गंमत करता, लोक हसतात आणि जातात. मी कुठं जाऊ? एकदा तरी माझ्यासमोर भ्या की हो!"

मग मी भ्यालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, नीट, आवाज न चढवता. म्हणालो, "वंदना, दिसलं नाही तर मी या घरात काय म्हणून राहू? दुकान करायला आलो होतो. दुकान नाही तर मी कोण इथे?"

ती उठली. माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. ती रडत होती ते मला खांद्यानेच कळलं. बाजूच्या स्वयंपाकघरात चाललेला सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज मात्र बंद पडला होता.

आजारी माणसाच्या घरच्यांनो, त्याच्या विनोदाला रोज हसू नका. एखाद्या दिवशी ताट आपटा.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी पाट टाकून बसायला लागल्या. तिथून त्यांना पुढचा रस्ता दिसतो. मी आतून विचारायचो, "आई, काय चाललंय बाहेर?"

"मानसं."

"कोणती माणसं?"

"चालनारी."

मी कपाळाला हात लावायचो. माझ्यासारख्या माणसाच्या नशिबी हे धावतं वर्णन! पण हळूहळू त्या खुलल्या. भाजीवाला कोणाशी भांडला, कोणाची सून कोणती साडी नेसून गेली, समोरच्या पोराची सायकल पुन्हा कशी पडली. एकदा म्हणाल्या, "आज सदाशिवच्या म्हशीनं टोपी खाल्ली." मी पुढे ऐकायला आतुर, तर त्या गप्प.

"मग? पुढे?"

"पुढं काय? चघळली."

परजीवीचं नाव त्यांना काही जमलं नाही. त्या त्याला टॉक्सोबा म्हणायच्या, म्हसोबाच्या चालीवर. "टॉक्सोबाची गोळी घेतली का? टॉक्सोबा आज कसाय?" एकदा अगदी हळू आवाजात विचारलं, "त्याला काय लागतं का? नारळ, कोंबडं?"

"माझा डोळा लागतो," मी म्हणालो.

"त्यो नाय मिळायचा," त्या म्हणाल्या. इतक्या ठाम, की मला त्या दुपारी झोप लागली.

निकाल

धूर एकदम नाही गेला. आधी करडा झाला, मग विरळ. एक दिवस खिडकीवरच्या जांभळ्या ढगाला काठ दिसला, आणि काठावर बारीक रेघा. मी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस त्या रेघा एकट्यानेच बघत बसलो, कोणी काढून घेईल अशा भीतीने.

शेवटच्या तपासणीला सासूबाईही निघाल्या. "आई, तू कशाला?" वंदना म्हणाली. "मला त्या बाईला विचारायचंय," एवढंच उत्तर.

मॅडमनी पुन्हा थेंब, पुन्हा प्रखर दिवा, पुन्हा ती लांबलचक शांतता. माझा श्वास त्या यंत्राच्या काचेवर वाफ धरत होता. वंदनाने मागून माझा सदरा मुठीत धरला होता, लहान मूल धरतं तसा.

"जखम भरली आहे," मॅडम म्हणाल्या. "वण मध्याच्या अगदी बाजूला राहिला. मध्य वाचला. तुम्ही वाचू शकाल. थोडा डाग दिसत राहील, सरळ रेघ तिथे जराशी वाकडी दिसेल. काम करता येईल."

मुठीतला सदरा सुटला. मी मॅडमकडे बघितलं. त्यांना नाक होतं, सुरेख नाक, आणि हसल्यावर एका गालावर खळी पडत होती.

सासूबाई पुढे सरकल्या. "मेला का त्यो?"

"नाही आजी. मेला नाही. झोपलाय."

"मंग जानार कवा?"

मॅडमनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "जाणार नाही. त्याला पूर्ण घालवायचं औषध अजून नाही. आता तो जन्मभर तिथेच राहील. बहुतेक झोपूनच राहील. कधी उठला तर लगेच माझ्याकडे यायचं, डोळा लाल झाला, माशी दिसली की त्याच दिवशी. पण घर सोडणार नाही तो."

वंदनाचा चेहरा उतरला. तो उतरलेला मला स्पष्ट दिसला. मी मनात हिशोब मांडत होतो, एवढं सगळं करून तो राहणारच, तर मग आपण काय जिंकलो. तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि बाहेरच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की मंग! एक घरजावई संभाळलाच हाय आमी, ह्यो दुसरा!"